पौर्णिमेचे पाहुणे

विद्वानांचे मंडळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. उंच छताचे दालन, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी, पुढच्या रांगेत उपरणी सावरीत बसलेली वडील मंडळी, निबंधवाचन आणि अखेरीस आभारप्रदर्शन. चहा मिळाला तर मिळाला. आज मी तुम्हांला अशा एका मंडळाची हकीकत सांगणार आहे, की ज्याला स्वतःचे दालन नव्हते, लिखित घटना नव्हती, इतिवृत्ताची वहीसुद्धा नव्हती. होते ते एवढेच: जेवणाचे टेबल आणि आकाशातला चंद्र.

हे मंडळ इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावचे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्याचे नाव ल्यूनर सोसायटी. आपण त्याला चांद्रमंडळ म्हणू. नाव ऐकून कोणाला वाटेल, हे लोक चंद्राचा अभ्यास करीत असावेत. तसे काही नव्हते. त्या काळी रस्ते खराब, गावाबाहेर दिवे नाहीत, आणि वाटमाऱ्यांची भीती. मित्रांच्या घरून रात्री घोड्यावरून किंवा बग्गीतून परतायचे, तर चांदणे हवे. म्हणून पौर्णिमेच्या जवळचा रविवार धरून ही मंडळी जमत. पुढे एक सदस्य धर्मोपदेशक निघाले. त्यांना रविवारी प्रार्थनामंदिरातून सवड कशी मिळणार? तेव्हा रविवारचा सोमवार झाला. ज्यांच्या गावी आजही रात्रीची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, त्यांना या हिशेबाचे नवल वाटणार नाही. इंग्रजी भाषेत वेड्यालाही चंद्रावरूनच नाव पडलेले आहे. त्यामुळे ही मंडळी गमतीने स्वतःला वेडे म्हणवून घेत.

वेडे होते कोण? मॅथ्यू बोल्टन हा कारखानदार. त्याच्या सोहो येथील घरी पुष्कळदा पंगत बसे. वाफेच्या यंत्रात क्रांती करणारा जेम्स वॉट, चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेला जोसाया वेजवुड, वैद्य आणि कवी इरॅस्मस डार्विन (उत्क्रांतिवाद मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचे हे आजोबा), ज्याने १७७४ साली प्राणवायू वेगळा केला तो जोसेफ प्रीस्टली, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर विदरिंग. मुख्य असामी चौदाच्या आसपास. यांना प्रथम एकत्र बांधून ठेवले ते विल्यम स्मॉल नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराने. येथे जमलेल्या गुरुजींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो: हा स्मॉल त्यापूर्वी अमेरिकेत शिक्षक होता आणि टॉमस जेफर्सन त्याचा विद्यार्थी. १७७५ साली स्मॉल वारला. तोवर मित्र सवडीप्रमाणे भेटत. तो गेल्यावर मात्र त्यांनी दिवस ठरवून नियमाने भेटायला आरंभ केला. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने पुतळा उभारतात. यांनी पंगत मांडली.

दुपारी दोनच्या सुमारास जेवण होई आणि बोलणे चाले ते रात्री आठपर्यंत. आता तुम्ही विचाराल, की जेवणाचा आणि विद्येचा संबंध काय? माझे मत असे, की संबंध फार जवळचा आहे. सभेत जो निबंध वाचतो तो पुरे झालेले काम घेऊन येतो. अपुरे, फसलेले, अर्धे सुचलेले तो घरीच ठेवतो. पण समोर ताट आले, शेजारी मित्र बसला, की माणूस सहज बोलून जातो, 'अहो, माझं तर इथंच अडलंय.' आणि पलीकडचा म्हणतो, 'मग असं करून पाहा की!' प्रीस्टलीला वायूंच्या प्रयोगांसाठी नळ्या आणि भांडी हवी होती. ती वेजवुडने आपल्या भट्टीत करून दिली. वॉटजवळ यंत्राची कल्पना होती, भांडवल आणि कारागीर नव्हते. ते बोल्टनजवळ होते, आणि दोघांची भागी जमली. एखाद्या वेळी रोग्यांपायी डार्विनला येणे जमत नसे, तेव्हा तो चडफडून पत्र लिही.

सगळे एका मताचे होते असेही नाही. वेजवुडने १७८७ साली गुलामगिरीच्या निषेधाचे पदक काढले, साखळदंडातल्या माणसाचे. आणि त्याच मंडळात सॅम्युएल गॉल्टन हा बंदुकांचा कारखानदार होता. त्या घराण्याच्या बंदुका आफ्रिकेच्या व्यापारात जात. दोघे एका टेबलावर जेवले. हे चांगले की वाईट, ते तुम्हीच ठरवा. मला स्वतःला ते पचत नाही.

आणखी एक गोष्ट पचत नाही. विदरिंगचे मोठे काम म्हणजे हृदयविकारावर आजही ज्यातून औषध मिळाले असे सांगतात ती फॉक्सग्लव्ह वनस्पती. तिच्यावरचे त्याचे पुस्तक १७८५ साली निघाले. ही माहिती त्याला आली कोठून? श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीकडून. जलोदरावरचा तिचा घरगुती काढा होता, वीसएक पाल्यांचा. त्यातला गुणकारी पाला कोणता, हे विदरिंगने ओळखले आणि मात्रा किती द्यावी ते दहा वर्षे रोगी तपासून ठरवले. शोधाच्या श्रेयावरून पुढे त्याचे आणि डार्विनचे वितुष्ट आले. म्हातारीचे नाव मात्र पुस्तकात नाही. चांद्रमंडळाच्या पंगतीत एकही स्त्री सदस्य नव्हती, मग ती खेडवळ म्हातारी कोठून असणार?

आपल्याकडेही हेच. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ साली मुंबईस लिटररी सोसायटी स्थापिली, आजची एशियाटिक सोसायटी. अभ्यास हिंदुस्थानचा, पण हिंदी माणसाला आत जागा नव्हती. माणकजी कर्सेटजींना सभासद करून घेतले ते १८४० साली. म्हणजे छत्तीस वर्षे आपल्याविषयी बोलणे चालले होते, आपल्याशी नव्हे. तुमच्या तालुक्यात शिक्षकांचे एखादे अभ्यासमंडळ असेल, तर पंगतीला कोणाला बोलावले नाही, तेवढे एकदा मोजून पाहा. पाटाचे पाणी सांभाळणारा पाटकरी असेल, झाडपाल्याची जाणकार आजी असेल. कोजागरीचे दूध आटवतोच आपण. त्या रात्री दोन माणसे जास्त बसली तर दूध थोडे पातळ होईल, एवढेच.

चांद्रमंडळाचा घात झाला तोही एका जेवणाने. १४ जुलै १७९१ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या स्मरणार्थ बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात भोजन होते. अध्यक्षस्थानी मंडळातलाच जेम्स कीर. प्रीस्टली त्या भोजनाला गेलाच नव्हता. पण त्याची धर्ममते आणि राजकीय मते जमावाला ठाऊक होती. लोक चवताळून त्याच्या घरावर गेले. घर, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वर्षानुवर्षांची टिपणे, सारे एका रात्रीत नाहीसे झाले. प्रीस्टली बायकोला घेऊन कसाबसा निसटला. दंगल काही दिवस चालली. विदरिंगच्या घरावरही जमाव आला. बोल्टन आणि वॉट यांनी आपल्या कामगारांच्या हाती शस्त्रे देऊन सोहोचा कारखाना राखला.

त्यानंतर पौर्णिमा येत राहिल्या, पण पंगत पूर्वीसारखी बसेना. प्रीस्टली १७९४ साली अमेरिकेस गेला आणि तिकडेच वारला. वेजवुड गेला, विदरिंग गेला, डार्विन गेला, बोल्टन गेला. सोहोचे ते घर आज संग्रहालय आहे. मंडळाच्या मालकीची थोडी शास्त्रीय पुस्तके तेवढी उरली होती. १८१३ सालच्या ऑगस्टात त्यांची सोडत काढली, आणि ती निघाली गॉल्टनच्या नावाने.