रांगेत पहिलं कोण? लुर्ड्सच्या झऱ्यावरून आल्यावर

आजच्या भागात मी एका यात्रेबद्दल बोलणार आहे. आसनगावहून लोकल पकडणाऱ्यांना कल्याणचं लुर्ड्स चर्च ऐकून माहीत असेल. हे लुर्ड्स म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याचं एक छोटं गाव. गेल्या मे महिन्यात मी आईला घेऊन तिथे गेले होते.

आधी माझी ओळख सांगते. माहेर वसईचं, घर कॅथलिक. नोकरीमुळे नऊ वर्षं शहापुरात राहते आणि किन्हवलीवरून पुढे मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवर शिकवायला जाते. वाडीवरच्या बायका मला 'बाई' म्हणतात, आणि माझ्या आईला 'बाईंची आई'.

आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय अजून साथ देत नाहीत. वसईच्या आमच्या चर्चमधून एक गट निघाला होता. आई म्हणाली, "मला जायचंय." घरात वाद झाला. मामा म्हणाला, "एवढ्या पैशात वर्षभर व्यायाम शिकवणारा घरी येईल." त्याचं चुकीचं नव्हतं. पण ठेव आईची होती, तिने ती मोडली. मला मनातून एकच भीती होती, तिथून जशीच्या तशी परत आली तर ही खचेल का?

तिथे काय घडलं होतं, ते थोडक्यात सांगते. ११ फेब्रुवारी १८५८. बर्नादेत नावाची चौदा वर्षांची मुलगी बहिणीबरोबर आणि मैत्रिणीबरोबर सरपण गोळा करायला नदीकाठी गेली. बापाची गिरणी गेलेली, सगळं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहणारं. मुलीला दमा. लिहितावाचता येत नव्हतं, शाळेतली फ्रेंच येत नव्हती, घरची बोली तेवढी येत होती. त्या दिवशी खडकाच्या कपारीत तिला एक तेजस्वी स्त्री दिसली. जुलैपर्यंत अशी अठरा दर्शनं झाली. आम्ही तिला मरीया माता मानतो. तुम्ही मानायलाच हवं असं नाही.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. बर्नादेतने नंतर सांगितलं की ती स्त्री तिच्याशी तिच्याच बोलीत बोलली, आणि तिला 'तुम्ही' म्हणाली. गावात त्या पोरीला 'तुम्ही' कोण म्हणणार? आपल्याकडे मोळी डोक्यावर घेऊन बाजारात येणाऱ्या ठाकराच्या, कातकऱ्याच्या पोरीला कोण म्हणतं?

२५ फेब्रुवारीला त्या स्त्रीने तिला झऱ्याचं पाणी प्यायला सांगितलं. तिथे झराच नव्हता! मुलीने हाताने चिखल उकरला, गढूळ पाणी तोंडाला लावलं. लोक म्हणाले, पोर वेडी झाली. नंतर तिथूनच स्वच्छ पाणी वाहू लागलं आणि आजही वाहतंय. हे वाचताना मला वाडीवरच्या बायका आठवतात. उन्हाळ्यात त्या कोरड्या ओढ्यात हाताने डवरा खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. त्यांना कोणी वेडं म्हणत नाही, आणि त्यांच्या खड्ड्याला कोणी तीर्थही म्हणत नाही.

आता लुर्ड्समध्ये काय बघितलं ते. गुहेजवळ काचेखाली झरा दिसतो. बाहेर नळांची ओळ आहे, कोणीही या, बाटली भरा, पैसे नाहीत. स्नानगृहांपाशी एका ताईने तांब्यातून आईच्या ओंजळीत पाणी ओतलं. आईला एकच हात उचलता येतो, म्हणून तिने स्वतःचा हात आईच्या हाताला जोडला आणि ओंजळ पुरी केली. आईने तोंड धुतलं, घोटभर प्यायली.

पण मला सगळ्यात वेगळी वाटली ती रांग. तिथे आजारी माणूस सगळ्यांच्या पुढे असतो. रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते, वेगवेगळ्या भाषांत जपमाळ चालते, आणि खुर्चीवरच्या माणसांना मानाची जागा असते. त्यांच्या गाड्या ओढणारे बहुतेक स्वयंसेवक. त्यात कॉलेजची पोरंही होती, तुमच्या वयाची. आमची गाडी ओढणारा मुलगा स्वतःच्या खर्चाने आठवडाभर आला होता.

आई बरी झाली का? नाही. चमत्कारांबद्दल तिथली मंडळीसुद्धा सावध असतात. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचे सात हजारांहून जास्त दावे नोंदले गेले, त्यातले चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास. बर्नादेतचा स्वतःचा आजारही गेला नाही, ती पस्तिसाव्या वर्षी वारली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी धीर करून विचारलं, "आई, वाईट वाटतंय?" ती म्हणाली, "चार दिवसांत मला एकदाही कोणी 'यांना जरा बाजूला घ्या' म्हटलं नाही." मग खिडकीबाहेर बघत बसली. तीन वर्षं दवाखान्यात, बँकेत, स्टेशनवर ती हेच वाक्य ऐकत होती. मी शेजारी उभी असायचे, पण ते तिला किती लागतंय, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळा सुरू व्हायच्या आधी मी वाडीवर गेले. सोबत लुर्ड्सच्या पाण्याची बाटली होती. आधीच सांगितलं, हे औषध नाही. एका मावशीने विचारलं, "तिकडं पानी इकत?" म्हटलं, नाही. "टँकर येतो?" नाही, नळ आहेत, दिवसभर. मावशी म्हणाली, "मंग तुमची देवी खरी!" सगळ्या हसल्या, मीपण हसले.

हसू आलं, पण पोटात कालवलंही. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा आपल्या शहापूरच्या भातसा धरणातून जातो. तानसाही आपल्याच तालुक्यात. आणि एप्रिल-मे उजाडला की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकर. टँकर विहिरीत पाणी ओततो, त्याच क्षणी सगळ्यांच्या दोऱ्या एकदम आत पडतात. ज्याच्या दंडात जोर त्याचा हंडा भरतो. म्हातारी कडेला बसून राहते, तिच्या वाट्याला तळाचा गाळ.

मी वाडीवरच्या कॉलेजला जाणाऱ्या चार पोरांना लुर्ड्सचे व्हिडिओ दाखवले, ते गाडी ओढणारे. म्हटलं, टँकर आला की पहिली पंधरा मिनिटं म्हाताऱ्या, गरोदर आणि आजारी बायांची. दोर तुम्ही ओढायचा. पाऊस लांबला होता, टँकर चालूच होते. तीन खेपा छान झालं. चौथ्या खेपेला टँकर अर्धाच आला आणि भांडण पेटलं. एक बाई मला म्हणाली, "बाई, तुम्हाला घरी नळ हाय." खरंच होतं ते, मी गप्प बसले. पण पाचव्या खेपेला ती चार पोरं न सांगता विहिरीवर आली होती.

पाण्याचा मोठा प्रश्न याने सुटत नाही. तो धरणाच्या वाटपाचा आणि सरकारदरबारचा आहे, तो तिथे भांडावाच लागेल. पण मला आता एवढं कळलंय की जागा पवित्र आहे का, ते रांगेच्या पुढच्या टोकाला बघून ओळखावं. मग ते लुर्ड्स असो, म्हशाची जत्रा असो, की वाडीची विहीर.

तुमच्या गावात रांगेत पहिलं कोण असतं? व्हॉइस मेसेज करून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.