झिजलेल्या कानशीची सुरी

भंगारात वजनावर विकली जाणारी जुनी, चांगल्या प्रतीची कानस म्हणजे वस्तुतः सुमारे १ टक्का कर्ब असलेले उत्तम पोलाद होय. तिची सुरी घडवू इच्छिणाऱ्याने प्रथम ती लाल तापवून राखेत सावकाश निवू द्यावी, म्हणजे ती मऊ पडून घासण्यास राजी होते. आकार सिद्ध झाल्यावर पात्याला ‘पाणी’ द्यायचे, म्हणजे ते तापवून एकदम बुडवायचे; पाणी मात्र नावापुरतेच, कारण खऱ्या पाण्यात पाते पुष्कळदा तडकते, म्हणून कोमट तेलच बरे; आणि ताप पुरेसा झाला की नाही याचा निवाडा लोहचुंबकाकडे सोपवावा, कारण सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाची चुंबकाकडील ओढ सुटते, त्याच्या किंचितच पुढे जावे. असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते उजळून, वाळल्या गवतासारखी पिवळी झाक येईपर्यंत, २०० अंशांच्या आसपास पुन्हा शेकावे.