प्रतिकृतीवर पत्रा चढविताना

(सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



सभागृहाच्या दाराशी मांडलेल्या विमानाचा उजवा पंख चकाकतो आहे आणि डावा उघडा, लाकडी आहे, हे आपल्या ध्यानात आले असेलच. काम अपुरे का ठेवले, अशी पृच्छा काल दिवसभर होत होती. तिचे उत्तर द्यावयाचे तर थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

ही प्रतिकृती ‘एच. टी.-२’ या शिकाऊ विमानाची, चतुर्थांश मापाची. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे गटिंगनला प्राण्टल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी या विमानाचा आराखडा केला. १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. तोवर आपले वैमानिक कापड मढविलेल्या टायगर मॉथवर शिकत. हे मात्र सर्वस्वी धातूचे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीपायी माझे वडील नागपूरहून गार्डन रीचला आले आणि आम्ही इथलेच झालो. मंडळाच्या महोत्सवात एका मराठी माणसाची कृती मांडावी, एवढाच माझा हेतू होता.

खऱ्या विमानाचा पत्रा म्हणजे नुसते वस्त्र नव्हे. उड्डाणातला ताण तोही सांगाड्याबरोबर वाहतो. प्रतिकृतीत भार लाकूड वाहते, पत्रा केवळ रूप देतो. त्याची जाडीही मापाने उतरली पाहिजे. पाऊण मिलिमीटरचा चतुर्थांश म्हणजे दोन दशांशाहूनही कमी. असा पत्रा मला मिळाला छापखान्यांच्या रद्दीत. ऑफसेटच्या वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांचा चौरस मीटर चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. दोन्ही पंखांचे वरचे व खालचे अंग धरले तर सुमारे दोन चौरस मीटर, म्हणजे आठशे ग्रॅम! छापील बाजू आत जाते. उजव्या पंखाच्या पोटात एका बंगाली पंचांगाची अर्धी पाने आहेत.

आरंभ मी डाव्या पंखापासून केला, तोही श्रावणात. पुस्तकाला वेष्टन घालावे तसा एकेक लांबलचक पत्रा पंखभर चिकटविला. दोन्ही अंगांना लावून सुकू द्यावयाचा हा गोंद मोठा हट्टी. पत्रा एकदा टेकला की तसूभर सरकत नाही. काम देखणे झाले. मग ऊन पडल्यावर पंख गच्चीवर नेला आणि तासाभरात त्यावर फोड उठले. तीस अंशांनी तापलेले मीटरभर ॲल्युमिनियम पाऊण मिलिमीटरच्या जवळपास वाढते. खालचे दमट, फुगलेले लाकूड त्याच वेळी सुकून आकसत होते. पत्र्याला जायला जागाच नव्हती. खऱ्या विमानाचा पत्रा लहान लहान तुकड्यांचा असतो, हे मी रोज चित्रात पाहत होतो. पाहिले मात्र नव्हते.

आणि मग जे केले ते सांगावयास संकोच वाटतो. फोडांवर लुकण भरले, घासले आणि रुपेरी रंग मारला. कोणाला कळले नसते.

नाकाशी तर अडलोच. दोन दिशांनी वळणाऱ्या पृष्ठावर सपाट पत्रा बसेना. नबाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये अवधहून येऊन मटियाबुर्जला राहिले. तिथली शिलाईची परंपरा त्यांच्या दरबाराशी जोडली जाते. तिथल्या एका वृद्ध ओस्तागराकडे मी सदरे शिवीत असे. त्यांना नाक दाखविले. ते म्हणाले, “बाबू, हा तर खांदा आहे. आधी कागद कापा.” त्यांनी कागद लावून, चिमटे घेऊन, पाकळ्यांचे बेतच मला आखून दिले. त्यांचे कापडावर खुणा करावयाचे दातेरी चाकही मागून आणले. ते मागच्या अंगाने फिरविले की पुढे रिव्हेटांची रांग उमटते.

तरीही उरलेला बाक पत्र्याला मऊ करून घ्यावा लागे. प्लेटेवर कोरडा साबण घासावा, दुसऱ्या अंगाने दिव्याची ज्योत फिरवावी आणि साबण काळवंडताच ती काढून घ्यावी. क्षणभर अधिक झाले तर पत्रा वितळून भोक पडते. धडावर काम शेपटीकडून नाकाकडे आणावे. कोकणात कौले वळचणीपासून आढ्याकडे चढवितात तशी पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर यावी, म्हणजे वारा कडेखाली शिरत नाही.

उजवा पंख या रीतीने, फासळीफासळीवर सांधे घेऊन, कोरड्या हवेत पुरा केला. गच्चीवर ठेवून पाहिला. काही झाले नाही. मग दोन्ही पंख धडाला जोडले आणि दिवा लावला. रंगाखालची प्रत्येक लाट दिसू लागली. इतरांना ती दिसली नसती असे सौ. म्हणाली, आणि तिचे खरेही असेल. त्या बाजूने ते विमान माझ्याच्याने पाहवेना. महोत्सवास बारा दिवस असताना मी डाव्या पंखाचा सारा पत्रा सोलून काढला. एकदा मुडपलेली प्लेट पुन्हा सरळ होत नाही, नव्या प्लेटा पुरेशा नव्हत्या, आणि घाईने पुन्हा तेच करण्याची माझी तयारी नव्हती.

काल काही मुले त्या पंखाच्या फासळ्या मोजीत बसली होती. एका मुलीने पंचांग कुठे आहे म्हणून विचारले. ते झाकलेल्या पंखात आहे, असे सांगताच ती फार हिरमुसली. पत्रा मी माघात चढवीन. तेव्हा हवा कोरडी असते. तोवर मोठ्यांनी पंखाला हात लावू नये, ही विनंती. मुलांना मुभा आहे.