सॅल्यूट कुणी करायचा, कुणी नाही

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी परवा विचारलं, "काका, शहिदांच्या कार्यक्रमात सॅल्यूट नेमका कधी मारायचा?" मी लष्करातून निवृत्त झालेला माणूस. आता अंबड तालुक्यात मोसंबी सांभाळतो. नोकरीची बरीच वर्षं ड्रिल शिकवण्यात गेली, म्हणून आज त्यावरच बोलू. शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगतो.

आपल्या जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे, त्यामुळे २१ ऑक्टोबर इथल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस जवान गेले. त्यांच्या आठवणीत देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं तिथं वाचली जातात.

आता मुद्द्याचं. पुष्पचक्र दोन्ही हातांनी ठेवायचं. ठेवून झालं की मागं सरायचं, सावधान व्हायचं आणि मग सॅल्यूट. घाई करायची नाही.

ज्यांच्या हातात रायफल आहे ते हातानं सॅल्यूट करत नाहीत. त्यांच्यासाठी 'सलामी शस्त्र' हा हुकूम. 'शोक शस्त्र' म्हटलं की नळी खाली, दोन्ही हात बटावर आणि मान झुकलेली. बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते तेव्हा पथक त्याच स्थितीत असतं आणि वर्दीतले अधिकारी सॅल्यूट धरून उभे राहतात.

तळवा कसा, यावरून पोरं भांडतात. लष्करात तळवा समोर दिसतो, नौदलात जमिनीकडं असतो आणि हवाई दलात २००६ पासून पंचेचाळीस अंशांत. तिन्ही बरोबर. दुसऱ्याचा हात बघून "याचं चुकलं" म्हणू नका.

लष्करात डोक्यावर टोपी नसेल तर हातानं सॅल्यूट नाही, नुसतं सावधान. साध्या कपड्यांतल्या माजी सैनिकानंही सावधानच राहावं. ध्वजसंहिताही हेच सांगते: झेंडा चढवताना किंवा उतरवताना सगळ्यांनी झेंड्याकडं तोंड करून सावधान उभं राहायचं, सॅल्यूट वर्दीतल्यांनी करायचा. साधं उभं राहण्यात कमी मान आहे असं समजू नका.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका जवानाचं पार्थिव गावी आलं. पेटीवर तिरंगा, केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. मी साध्या कपड्यांत, उघड्या डोक्यानं सावधान उभा. शेजारी त्या पोराचे वडील. शेतकरी माणूस, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. बिगुल सुरू झाला तसा त्यांनी हात कपाळाला लावला. डावा हात.

माझ्यातला उस्ताद जागा झाला. मी हळूच म्हणालो, "आप्पा, उजवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात खाली घेतला. उजवा काही वर आला नाही. तीन फैरी झाडल्या, अग्नी देण्याआधी तिरंगा उतरवून घडी घातली, तो त्यांच्या हातात दिला. तोवर आप्पा दोन्ही हात खाली सोडून तसेच उभे होते.

एवढी वर्षं मी नियम शिकवले, पण ते कुणासाठी आहेत हे त्या दिवशी कळलं. नियम वर्दीसाठी आहेत. पथकातल्या प्रत्येकाला आतून काय होतंय हे दिसू नये, सगळ्यांचा मान एकसारखा पोचावा, म्हणून. बापाला वर्दी नव्हती, हुकूम नव्हता. त्यानं डावा हात लावला काय, जोडले काय, पेटीवर डोकं टेकलं काय, त्याला चूक म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. आप्पा म्हणाले, "तसं काई नाई. लेकरू यायचं तवा दारात उभं राहून मला असंच करायचं. म्या तसंच केलं." आरशात बघितल्यासारखं समोरचं उचललं, तर उजवा हात डावाच होतो ना.

तर पोरांनो, येत्या २१ ऑक्टोबरला वर्दीत असाल तर तुमचा सॅल्यूट चोख असू द्या. आणि पहिल्या रांगेत घरची माणसं बसलेली असतील, त्यांच्या हातांकडं बघू नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.