हातातला घास

माउली, काल्याच्या कीर्तनात आपण सगळे गोपाळ होतो. यमुनाकाठी शिदोऱ्या सुटल्या, मध्ये देव बसला, भोवती सवंगडी. जेवण रंगात आले आणि एका गड्याच्या ध्यानात आले, की वासरे दिसत नाहीत. भागवताच्या दशम स्कंधात तेराव्या अध्यायात ही कथा आहे. पोरे घाबरली. तेव्हा देव काय म्हणाला? तुम्ही जेवा, मी आणतो. आणि उठला. हातात दहीभाताचा घास तसाच! घास तोंडात घालायलासुद्धा थांबला नाही. त्या घासावर आज बोलायचे आहे.

आता थोडे तुमच्या-माझ्या घरात येऊ. मोशीला सप्ताह होता. रोज दुपारचे प्रवचन आणि शेवटी काल्याचे कीर्तन माझ्याकडे. उतरायची सोय एका भाविकाच्या घरी. गृहस्थ चाकणला कारखान्यात, आठवड्याला पाळी बदलणारी. घरात बायको, पाचवीतली मुलगी आणि गावाहून आणलेली म्हातारी आई. आणि हॉलमध्ये काचेची मोठी पेटी, तीत खारे पाणी. आपण पाहतो ते गोड्या पाण्यातले मासे वेगळे, बरं का. इथे शुद्ध पाण्यात मीठ कालवून घरात समुद्र करायचा. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. म्हणून पातळी उतरली की भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. मी म्हटले, संसार असाच आहे. सुख उडून जाते, खार तेवढा तळाशी उरतो! सगळे हसले.

मी गेलो त्याच्या आदल्या दिवशी एक नवा पिवळा मासा आणला होता, बोटाएवढा. सकाळी पाहतात तर तो नाही. काचेच्या पेटीतून मासा जाईल कुठे? पण गेला खरा. पेटीखाली पाहिले, कपाटामागे पाहिले, कारण मासा उडी मारून बाहेर पडतो आणि कोपऱ्यात वाळून जातो. पाणी गाळायच्या कप्प्यात पाहिले. नाही.

मग माणूस जे करतो ते सुरू झाले. मासा सापडेना, तेव्हा दोषी शोधला. आदल्या संध्याकाळी म्हातारीने भाकरीचा चुरा पाण्यात टाकला होता. गावी विहिरीतल्या माशांना टाकायची, तसाच. लेक रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. ओरडला, "गावचं तळं नाही ते, आई! तुझ्या भाकरीनं पाणी नासलं, मासा मेला!" म्हातारी काही बोलली नाही. खोलीत गेली. त्या दिवसापासून तिचे ताट खोलीतच जाऊ लागले.

आणि वाचकहो, मी काय केले? मी पाटावर बसलो होतो. पोरगी रडत होती. मी तिला सांगितले, "बाळ, देवाने दिले, देवाने नेले. रडू नये." किती सोपे वाक्य! चाळीस वर्षे सांगत आलो. पोरगी डोळे पुसून म्हणाली, "महाराज, पण तुम्ही शोधलं कुठं?"

माउली, मला उत्तर आले नाही.

तिने शोध सोडला नाही. पाणी तपासायच्या बाटल्या असतात, थेंब टाकले की रंग बदलतो. मासा कुजला तर पाण्यात अमोनिया चढतो. पाणी स्वच्छ निघाले. म्हणजे भाकरीने पाणी नासले नव्हते, हे पहिल्याच दिवशी कळले. पण ते आजीच्या खोलीत जाऊन कोणी सांगितले नाही. मासा जिवंत आहे असे मात्र त्यावरून ठरत नाही. लहानसा मासा मेला तर पेटीतले खेकडे रातोरात फस्त करतात. बाप म्हणाला, सगळे दगड उपसून काढतो. मासे विकणाऱ्याने फोनवर थांबवले. दगड हलवाल तर उरलेले मासे घाबरतील, आणि तो खाली असेल तर चिरडेल. ही जात भ्याली की वाळूत शिरते; काही दिवस वर येत नाही. थांबा. मग पोरगी रोज रात्री विजेरीला लाल कागद लावून पेटीपुढे बसे. लाल उजेडाने मासे फारसे बिचकत नाहीत.

काल्याच्या दिवशी पहाटे हाक आली. "आज्जी, आला!" बापाला नाही, आईला नाही, हाक आजीला! वाळू हलली होती आणि पिवळे डोके वर आले होते. म्हातारी बाहेर आली. आठ दिवसांनी हॉलमध्ये आली, हे त्या लेकाच्या ध्यानात तेव्हा आले. मासा हरवला हे पहिल्या सकाळी कळले. आई हरवली हे आठव्या दिवशी. तो काही बोलला नाही. दुपारी आईचे ताट त्याने स्वतः बाहेर आणून मांडले.

त्या दिवशी मी ठरवलेले कीर्तन बाजूला ठेवले आणि हा घास घेतला. देव सर्वज्ञ. वासरे ब्रह्मदेवाने नेली, हे त्याला कळायला किती वेळ? तरी डोंगर, दऱ्या, झाडी पाहत फिरला. आणि वासरे तुझ्यामुळे गेली, असे एकाही सवंगड्याला म्हणाला नाही. आपले देहू मोशीपासून किती लांब? तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या. कोणी म्हणालेच असेल, बुडाले ते बुडाले. महाराज शिळेवर तेरा दिवस बसले, अन्नपाणी सोडून. त्यांच्याएवढा विरक्त कोण? तरी गेले ते गेले म्हणून उठले नाहीत. माउली, शोधण्याआधी सांगितलेले वैराग्य हे वैराग्य नव्हे, तो आळस. मी तो आळस त्या पोरीला उपदेश म्हणून दिला होता.

आणि तीच इंद्रायणी पाहा. लोणावळ्याकडून निघते, देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. देहूच्या डोहातला मासा आपले वाडवडील धरत नसत, देवाचा म्हणत. आज आळंदीला वारकरी स्नानाला उतरतो तेव्हा पाण्यावर फेस असतो. शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी. घरातल्या पेटीत बोटाएवढा मासा दिसेना तर घर जागे राहते. नदीतले मासे मेले आणि काठाला लागले की बातमी होते. नुसते दिसेनासे झाले तर कोण मोजतो? लाल कागद लावून कोण बसतो?

म्हणून आज काला घेऊन घरी जाल तेव्हा एवढे करा. तोंडात घास घालण्याआधी पंगतीवरून एकदा नजर फिरवा. कोण दिसत नाही? कोणाचे ताट खोलीत जाते? दिंडीत गेल्या वर्षी पुढे चालणारे कोण या वर्षी आले नाही? दिसले नाही, तर दोषी शोधू नका, उपदेश करू नका. हातातला घास हातात ठेवा आणि उठा. देव तसाच उठला होता.

बोला, रामकृष्ण हरी!