‘वय झाले’ हे निदान नव्हे

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९० साली ठराव करून १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठ नागरिकांसाठी राखून ठेवला. या दिवशी वडीलधाऱ्यांना शाल व श्रीफळ देऊन त्यांचा गौरव करण्याची प्रथा गावोगावी रूढ झाली आहे आणि ती स्तुत्य आहे. तथापि समारंभ आटोपून ही मंडळी घरी परततात, तेव्हा त्यांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते. डोळ्यांना दिसत नाही म्हटले, पायऱ्या चढवत नाहीत म्हटले, भोवळ येते म्हटले, की घरातील माणसे सहज सांगून मोकळी होतात, “आता वय झाले!” पुष्कळदा ज्येष्ठ स्वतःच तसे म्हणतात आणि गप्प बसतात. हे वाक्य कितपत खरे आहे, आणि म्हातारपण म्हणजे शरीरात नेमके काय घडते, याविषयी शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले आहे त्याचा परिचय करून देणे, हा या व्याख्यानाचा उद्देश आहे.

हा विषय आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. २०१६ ते २०२० या कालखंडाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार ते ७० वर्षे झाले. बालमृत्यू घटले, साथी आटोक्यात आल्या, याचे हे फळ होय. २०११ च्या जनगणनेत साठी गाठलेल्या व ओलांडलेल्या नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. गोव्यात त्यांचे प्रमाण शेकडा ११.२ होते व केरळच्या खालोखाल ते होते. वर्षे वाढली खरी. ती वर्षे कशी जातात, हा पुढचा प्रश्न आहे.

आयुष्याची दोरी सर्व प्राण्यांना सारख्याच मापाने मिळालेली नाही. घरातला उंदीर उत्तम निगा राखली तरी दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो. जवळजवळ त्याच्याएवढ्याच चणीचे, वजनाने त्याहून हलके असे वटवाघूळ सैबेरियात आढळते. त्यांपैकी खूण करून सोडलेले एक वटवाघूळ ४१ वर्षांनंतर जिवंत सापडल्याची नोंद आहे. दोघांचे शरीर मांस, रक्त व पेशी यांचेच बनलेले आहे. तेव्हा अमुक काळाने शरीर झिजलेच पाहिजे असा काही एकच नियम नाही. झीज भरून काढण्याची तजवीज कोणाच्या शरीरात किती आहे, यावर बरेच अवलंबून असते.

मग निसर्गाने ही तजवीज सर्वांनाच भरपूर का दिली नाही? ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५२ साली याचे मार्मिक उत्तर दिले. शेतकरी बियाण्यासाठी चांगली कणसे निवडतो. कापणीनंतर शेतातल्या खुंटाचे काय झाले, याचा त्या निवडीशी संबंध नसतो. निसर्गाची निवडही अशीच आहे. संतती होईपर्यंत जे गुण उपयोगी पडतात ते पिढ्यानपिढ्या टिकतात. त्यानंतर उद्भवणारे दोष गाळून टाकण्याची चाळण मात्र फार सैल असते. म्हातारपण ही शिक्षा नव्हे आणि पूर्वनियोजित नाशही नव्हे. दुरुस्तीचे काम हळूहळू मागे पडत गेल्याचा तो परिणाम आहे.

ही दुरुस्ती कोठे थकते, याचा शोध पेशींपासून सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशी काचपात्रात वाढविण्यास आरंभ केला. तो प्रयोग १९४६ पर्यंत चालू ठेवण्यात आला आणि पेशी अमर असतात अशी समजूत त्यावरून दृढ झाली. फिलाडेल्फिया येथील लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ साली ती समजूत खोडून काढली. माणसाच्या साध्या पेशी सुमारे ४० ते ६० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, असे त्यांना आढळले.

पेशीला ही मोजदाद कशी कळते? काथ्याच्या दोरीचे टोक गाठ मारून बंद केले नाही तर दोरी उलगडत जाते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांनाही अशीच संरक्षक गाठ असते; तिला टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागते तेव्हा दर वेळी ही गाठ थोडी आखूड होते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी जोसेफ गॉल यांच्यासमवेत डबक्यातील एका एकपेशीय जीवात तिची रचना १९७८ साली उलगडली. पुढे १९८४ साली कॅरोल ग्रायडर या विद्यार्थिनीसह त्यांनी ही गाठ पुन्हा लांबविणारे टेलोमरेज हे विकर शोधून काढले. जॅक शोस्टाक यांच्यासह या दोघींना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा हे विकर टोचून घेतले की तारुण्य परत येईल, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक कर्करोगांच्या पेशी याच विकराच्या बळावर अमर्याद वाढतात. जो पहारेकरी कर्करोगाला अडवितो, तोच एका बाजूने म्हातारपण आणतो, असा हा पेच आहे.

दुसरा मार्ग आहारातून निघाला. कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली दाखवून दिले की, पोषणाची उणीव न ठेवता अन्नाचे प्रमाण कमी केले तर प्रयोगशाळेतील मोठे उंदीर अधिक काळ जगतात. त्यामागील कारण पुढे जनुकांत सापडू लागले. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीतील एकच जनुक बदलले असता त्याचे आयुष्य दुप्पट होते, असे सिंथिया केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. शिवाय तो कृमी दीर्घकाळ चपळही राहिला.

याचा अर्थ असा की, पेशीजवळ जणू एक कारभारी असतो. सुगी चांगली झाली की कुटुंब नवे बांधकाम काढते. टंचाईच्या वर्षी आहे तेच घर शाकारून, भिंतींची डागडुजी करून दिवस काढते. अन्न विपुल असेल तर पेशी वाढीच्या मागे लागते. अन्न बेताचे असेल तर दुरुस्तीकडे लक्ष पुरविते. मात्र माकडांवरील दीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. अमेरिकेतील एका संस्थेने २००९ साली कमी आहाराने लाभ झाल्याचे सांगितले. दुसऱ्या संस्थेला २०१२ साली आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. येथे एक इशारा आवश्यक आहे. उंदरांवरील हा प्रयोग ऐकून वृद्धांनी उपास वाढवू नयेत. सकाळी पेज नि लोणचे व रात्री तेच, असा ज्यांचा आहार झाला आहे, त्यांच्या अंगात मांस धरण्यासाठी डाळ, कडधान्ये, दूध, अंडी किंवा मासळी यांची अधिकच गरज असते.

त्या कारभाऱ्याला औषधाने टंचाईची वर्दी देता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर एका दूरच्या बेटावरील मातीने दिले. पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून १९६४ साली निघालेल्या कॅनेडियन मोहिमेने मातीचे नमुने आणले. त्यातील सूक्ष्मजीवापासून रॅपामायसिन हे द्रव्य वेगळे करण्यात अविभक्त पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांचा प्रमुख वाटा होता. मॉन्ट्रियल येथील प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो सूक्ष्मजीव घरच्या शीतपेटीत जपून ठेवला. मूत्रपिंडाच्या रोपणानंतर शरीराने ते नाकारू नये यासाठी या औषधाला १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे २००९ साली, माणसाच्या साठीशी तुलना करता येईल अशा, ६०० दिवसांच्या उंदरांना ते देण्यात आले. दर दहांतील नऊ उंदीर मरेपर्यंतचे वय माद्यांत १४ टक्क्यांनी व नरांत ९ टक्क्यांनी वाढले. उतारवयात आरंभ करूनही उपयोग होतो, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. परंतु हे औषध रोगप्रतिकारशक्ती दबविते; म्हणून निरोगी माणसाने ते आपल्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

तिसरा शोध समजण्यास सोपा आहे. आंब्याच्या अढीत एक फळ नासले आणि वेळीच काढले नाही, तर शेजारची फळेही नासतात. विभागणी थांबलेल्या काही जीर्ण पेशी मरत नाहीत. त्या जागच्या जागी राहून दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ साली अकाली वृद्ध होणाऱ्या उंदरांतून अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा मोतीबिंदू व स्नायूंची झीज लांबणीवर पडली. साध्या उंदरांचे आयुष्यही त्यामुळे वाढल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. माणसांवरील चाचण्या सुरू आहेत.

या सर्व संशोधनाचा ताळेबंद वेंकटरामन रामकृष्णन यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात मांडला आहे. त्यांचे बालपण बडोद्यात गेले व तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी १९७१ साली पदवी घेतली. पेशीतील प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेच्या अभ्यासासाठी त्यांना २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या क्षेत्रात खरी प्रगती होत आहे, तथापि तिच्या आसपास अतिशयोक्त दावे व व्यापारही वाढला आहे, असा त्यांचा इशारा आहे. माणसाचे वार्धक्य मंदावते असे निर्विवाद सिद्ध झालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. तेव्हा जत्रेत, दारोदार किंवा मोबाइलवर ‘तारुण्य परत आणणारी’ पुडी, चूर्ण वा गोळी विकणाऱ्यास आपल्या निवृत्तिवेतनातील एक रुपयाही देण्याचे कारण नाही.

मग आज हाती काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते स्वस्त आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयींचा रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी १९५१ पासून ५० वर्षे मागोवा घेतला. सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी घटते. मात्र ती साठाव्या वर्षी सोडली तरी सुमारे ३ वर्षे परत मिळतात, असा निष्कर्ष २००४ साली निघाला. बोस्टन येथे १९९० साली सरासरी ९० वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमातील दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली देण्यात आला. त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झाली. ऐंशी वर्षांवरील रुग्णांचा रक्तदाब औषधाने उतरवावा की नाही, याविषयी डॉक्टरांतच मतभेद होते. असे ३,८४५ रुग्ण घेऊन केलेल्या चाचणीत, औषध घेणाऱ्यांमधील मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००८ साली दिसून आले. नव्वदीतला स्नायू आणि ऐंशीतली रक्तवाहिनी उपचाराला साथ देते, मग साठीतल्या माणसाने हातपाय गाळून का बसावे?

म्हणून या दिवशी काही गोष्टी ठरविता येतील. शिक्षकांनी मुलांना घरच्या आजी-आजोबांना वर्तमानपत्र वाचता येते काय, सुईत दोरा ओवता येतो काय, एवढे विचारून यावयास सांगावे. मोतीबिंदूमुळे अंधुक झालेली नजर एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येऊ शकते. आरोग्य सेविकांनी व अंगणवाडी ताईंनी गृहभेटीच्या वेळी घरातील ज्येष्ठांनाही हाक मारावी आणि रक्तदाब व साखर तपासून घेण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पंचायतीने पाणवठ्याच्या पायऱ्यांना कठडा आणि रस्त्याला दिवा देण्याचे काम पुढील वर्षावर टाकू नये, कारण एका पडण्याने मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. घरच्यांनी ज्येष्ठांच्या हातातील झेपणारे काम काढून घेऊ नये. बागेला पाणी घालणारे, बाजारास चालत जाणारे आजोबा आपल्या स्नायूंची डागडुजीच करीत असतात.

शास्त्रज्ञ आपले काम करीत राहतील आणि आणखी काही वर्षांनी कदाचित अधिक चांगली बातमी येईल. तोवर एक पथ्य मात्र प्रत्येक घराला पाळता येईल. वृद्ध माणसाने दुखणे सांगितले, तर “वय झाले” असे उत्तर देण्यापूर्वी ते डॉक्टरांना दाखवावे. उत्तर काय ते डॉक्टरांनी तपासून सांगावे. घरच्यांनी ते आधीच देऊन टाकू नये.