चुलीवरचे स्कोन

मोहाचे नाव काढले की लोकांना आधी दारू आठवते. पण गडचिरोलीच्या जंगलभागात फाल्गुन-चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणाऱ्या बायकांना विचारा. त्या सांगतील, हे फूल आधी अन्न आहे. पाव्हण्यापुढे ठेवायचे आणि पावसाळ्याच्या ओढग्रस्तीत पोराबाळांना उकडून द्यायचे अन्न. आज होते काय, वाळवलेली फुले आपण बाजारात विकतो आणि त्याच पैशातून मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन येतो. घरातला गोडवा बाहेर जातो आणि कारखान्यातला घरात येतो. म्हणून आज या फुलांचा एक नवा पदार्थ सांगते. त्याचे नाव स्कोन.

नाव परके वाटेल, पण वस्तू परकी नाही. स्कोन हा मूळचा स्कॉटलंडमधल्या गरीब घरांतला पदार्थ. ओट किंवा जवाच्या पिठाची जाड गोल भाकर लोखंडी तव्यावर भाजायची आणि तिचे चार तुकडे करायचे. भट्टी पुढे आली. आपल्या विदर्भात पळसाच्या पानांत कणीक थापून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पानगे भाजतातच की! तेव्हा विस्तवाची पारख तुम्हांला मी काय शिकवावी?

आता कृती. मूठभर वाळलेली मोहफुले घ्या. आतले केसर काढा, दोन-तीन पाण्यांनी धुवा, मऊ होईपर्यंत उकडा, पिळून बारीक चिरा. दोन वाट्या कणकेत अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून चाळा. त्यात दोन मोठे चमचे थिजलेले तूप बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखे दिसेपर्यंत. मग फुले घाला. वेगळी साखर नको, वाळलेल्या मोहात साखरेचा वाटा पुष्कळ असतो.

शेवटी पाऊण वाटी आंबट ताक. ताक नसेल तर तेवढ्याच पाण्यात लिंबू पिळा. आंबट आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि त्यानेच पीठ फुगते. म्हणून ताक घातल्यावर थांबायचे नाही. तवा आधीच तापत ठेवा.

आणि इथेच आपला हात चुकतो, बरं का! पोळीची कणीक मळमळून मुरत ठेवायची आपली सवय. स्कोनला ती चालत नाही. मळले की गव्हाचा चिकटपणा जागा होतो आणि स्कोन चामड्यासारखा होतो. गोळा जेमतेम जुळला की पुरे; ओबडधोबड दिसला तरी दिसू द्या. अंगठ्याएवढी जाड भाकर थापा, सुरीने चार तुकडे करा, आणि जाड तव्यावर मंद आंचेवर ठेवा. वर झाकण, झाकणावर थोडे निखारे. दहा मिनिटांनी उलटा, आणखी दहा मिनिटे ठेवा. मधोमध काडी खुपसा. कोरडी निघाली की झाले. आंच मोठी केलीत तर बाहेर करपेल आणि आत कच्चे राहील. पहिला घाणा बिघडला म्हणून खट्टू होऊ नका. आपली पहिली भाकर तरी कुठे गोल झाली होती?

स्कोन गरम असतानाच खावा, दुसऱ्या दिवशी तो कडक होतो. पुड्यातले बिस्कीट टिकते खरे. पण मुलांना भूक आज लागते.

यंदा मोह वेचाल तेव्हा सगळा व्यापाऱ्याच्या पोत्यात ओतू नका. एक गाडगे घरच्यासाठी बाजूला ठेवा. आणि मूल विचारील, 'आई, यात गोड काय आहे?' तर न लाजता सांगा : मोह.